मुग्धा झोपली तेव्हा

“पाटीवर लिहिलंय ना गं, गुरुवारी बंद म्हणून?” आई दारातच म्हणाली.

सुनंदाताई पायरीवर उभ्या होत्या. एका खांद्यावर सात महिन्यांची मुग्धा, दुसऱ्या खांद्याला दुपट्यांची पिशवी. पाटी त्यांच्या उजव्या हाताला, चौकटीवरच टांगलेली होती. खडूनं, माझ्या अक्षरात: ‘गुरुवार दि. २१ एप्रिल रोजी पाळणाघर बंद राहील.’

“वाचलं हो काकू. सोमवारीच वाचलं. पण सासूबाई काल अचानक कोरेगावला गेल्या, हे पुण्याला, आणि टेलिफोन एक्स्चेंजमध्ये दोघीजणी आजारी. रजा मागितली तर साहेब म्हणतात, बरं, मी बसतो बोर्डावर, तुम्ही कायमच्या घरी बसा.”

“बसवायचं होतंस की त्याला बोर्डावर. दोन तासांत कान तापले असते.”

सुनंदाताई हसल्या, पण त्यांचं लक्ष हातातल्या घड्याळाकडे होतं. आईनं अजून हात पुढे केले नव्हते. मुग्धाच झेपावली. आमच्याकडे येणारी सगळीच मुलं आईकडे अशी झेपावायची, जणू मधे पायरी नाहीच.

“तुमचं ते प्रशिक्षण आहे ना आज?”

“आहे. नाही जात मी. ठेव हिला.”

“नक्की ना काकू? नाहीतर मी—”

“नाही जात म्हटलं ना. पळ आता, ड्युटी चुकेल तुझी.”

सुनंदाताईंनी पिशवी माझ्या हातात दिली. जाता जाता वळून म्हणाल्या, “घरी झोळीशिवाय डोळ्याला डोळा लावत नाही ही. तुमच्याकडे चटईवर कशी झोपते, देव जाणे. आमच्या घराला पण लावा की हो तसा हात.”

आणि त्या गेल्या. आई घरी राहणार आहे, या शब्दावर गेल्या.

बाबा गेले तेव्हा मी दहा वर्षांची होते. ते पाटबंधारे खात्यात होते. त्यानंतर वर्षभरातच आईनं घरात दोन मुलं सांभाळायला घेतली. कराडसारख्या गावात तेव्हा नोकरीवर जाणाऱ्या बायका वाढायला लागल्या होत्या आणि सासवा सगळ्यांनाच नव्हत्या, किंवा होत्या पण तयार नव्हत्या. दोनाची चार झाली. मग गावातल्या एका संस्थेनं घरगुती पाळणाघरांची तपासणी करून परवाना द्यायला सुरुवात केली, तेव्हा आईनं पहिल्याच आठवड्यात अर्ज केला. ओळखीच्या बायकांनी तिला वेड्यात काढलं. पोरं सांभाळायला कसला परवाना? उद्या भात शिजवायला लागेल. आई म्हणायची, लागला तर काढीन.

तपासणीला धारवाडकरबाई आल्या. उंच, सुती साडी, पर्समध्ये शिंप्याची असते तसली मोजपट्टी. त्यांनी खिडकीच्या दोन गजांमधलं अंतर मोजलं. न्हाणीघरात भरून ठेवलेली बादली उपडी केली आणि म्हणाल्या, मूल ओंजळभर पाण्यातही जातं. औषधं कुठे ठेवता, रॉकेल कुठे, साप चावला तर पहिला फोन कुणाला. आई एकेक उत्तर देत होती. शेवटी त्यांनी वर पाहिलं. बैठकीच्या खोलीत तुळईला लोखंडी कडी होती.

“ही कशाला?”

“झोळीला. आमची शैला याच कडीच्या झोळीत वाढली.”

“कापून टाका.”

“राहू दे की. कपड्यांची दोरी बांधीन.”

“पानसरेबाई, कडी असली की एखाद्या दुपारी कुणीतरी कंटाळून झोळी बांधतंच. झोळीतलं मूल दिसत नाही. आणि दिसत नाही, त्याच्याकडे आपण बघत नाही.”

दुसऱ्याच दिवशी आईनं वेल्डर बोलावून कडी मुळापासून कापून घेतली. भिंतीवर परवाना लागला. सहा मुलं, त्याच्या वर एकही नाही. झोपणारं मूल जमिनीवर, चटईवर, उताणं. दर दहा मिनिटांनी जवळ जाऊन बघायचं, छाती हलते का, तोंडावर काही आलं नाही ना, आणि वहीत लिहायचं. परवानेवाली बाई घरात नसेल तर जागेवर बदली बाई, अठरा वर्षांच्या वरची, शिकवलेली, जिचं नाव फाइलीत आहे अशी. आई त्या नियमांबद्दल सासरच्या माणसांबद्दल बोलावं तसं बोलायची. जाच खराच, पण आपला. वाकून मुलाकडे बघायची आणि तिथूनच मला सांगायची, “दीड वाजला. उताणा. श्वास बरा आहे.” मी वहीत लिहायची: १.३० – शांत झोप. आईचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, असं तीच म्हणायची. म्हणून वही सगळी माझ्या अक्षरात होती.

त्या गुरुवारचं प्रशिक्षण सक्तीचं होतं. परवान्याची मुदत तीस एप्रिलला संपत होती आणि प्रमाणपत्र जोडल्याशिवाय नूतनीकरण होणार नव्हतं. विषय होता बालकांची सुरक्षितता. बदली बाई म्हणून शेजारच्या लीलाबाईंचं नाव होतं, पण त्या मुलीच्या बाळंतपणासाठी सांगलीला गेलेल्या. म्हणूनच आईनं पाटी लावली होती. बाकीची पाच मुलं आली नाहीत. फक्त मुग्धा आली.

सुनंदाताई गेल्यावर आई तासभर घरात फिरत राहिली. मुग्धाला कडेवर घेऊन स्वयंपाकघरात, तिथून खिडकीशी, पुन्हा स्वयंपाकघरात. माझी बारावीची परीक्षा होऊन महिना झाला होता. मी खुर्चीत वाचत बसले होते. शेवटी मीच म्हणाले, “आई, तू जा.”

“नियम काय आहे?”

“नियम सहा पोरांना आहे. ही एक आहे.”

“नियम पोरं मोजत नाही, शैले.”

“मग पुढच्या महिन्यात त्या सहांना सांग, परवाना नाही, येऊ नका.”

तिनं मुग्धाला दुसऱ्या कडेवर घेतलं.

“मला अठरा व्हायला दोन महिने राहिलेत. दोन महिन्यांत मला काय नवीन कळणार आहे?”

“सुनंदाला मी शब्द दिलाय.”

“ती येईपर्यंत तू परत आलेली असशील. तिला कळायचंही कारण नाही.”

हे मी म्हणाले. इतकी वर्षं झाली, पण हे वाक्य मला अजून माझ्याच आवाजात ऐकू येतं, सतरा वर्षांच्या, थोड्या तुसड्या आवाजात.

साडेदहाला आई निघाली. पेज कुठे आहे, किती कोमट करायची, झोपेला आली की चटईवर, उताणी, दर दहा मिनिटांनी— “माहितीय. वही मीच लिहिते,” मी म्हणाले. ती कोपऱ्यापर्यंत गेली आणि परत आली. दारातून म्हणाली, “गॅसची खालची कळ बंद कर,” आणि गेली.

अकरापर्यंत मुग्धा खेळली. पेज खाल्ली. पावणेबाराला वीज गेली, पंखा थांबला आणि ती रडायला लागली. मी तिला चटईवर घेतलं, थोपटलं. आई थोपटते तसंच थोपटत होते, निदान मला तसं वाटत होतं. ती अंगाची कमान करून रडत होती. कडेवर घेतली, गॅलरीत नेली, पाणी पाजलं, लंगोट बदलला. चाळीस-पंचेचाळीस मिनिटं झाली. तिचा आवाज बसला, तरी ती थांबेना. तेव्हा मला सुनंदाताईंचं सकाळचं बोलणं आठवलं.

कडी नव्हती. मी ट्रंकेतून आईचं जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं लुगडं काढलं. त्याचं एक टोक खिडकीच्या गजाला, दुसरं लोखंडी खाटेच्या दांडीला बांधलं. झोळ्या मी शेजारीपाजारी पाहिल्या होत्या. त्यात अवघड काही नसतं. गाठी तीन-तीनदा आवळल्या, स्वतः वजन टाकून बघितलं. मला फार हुशार झाल्यासारखं वाटलं. मुग्धाला आत ठेवलं, झोका दिला, आणि थोड्या वेळानं ती झोपली.

बारा पन्नास झाले होते. मी खुर्ची झोळीसमोर घेतली, पुस्तक उघडलं. कादंबरी संपत आली होती आणि वाचनालयाची मुदत त्याच दिवशी होती. मान वर केली की झोळी दिसायची, तिच्यातला तो जड, स्थिर फुगवटा दिसायचा. म्हणजे मी बघतच होते. एकला मी वही ओढली. दर दहा मिनिटांनी पुस्तक मिटायला लागू नये म्हणून एकदम लिहून टाकलं: १.०० – शांत झोप. १.१० – शांत झोप. १.२०. १.३०. १.४०. पाच ओळी, चांगल्या अक्षरात.

एक चाळीसला आई आली. उन्हातून भरभर चालत आल्यानं तिचा चेहरा लाल झाला होता. हातात गुंडाळी केलेलं प्रमाणपत्र होतं. तिनं चपला काढल्या.

“झोपली?”

“केव्हाच.”

मग तिला झोळी दिसली. ती मला रागावेल म्हणून मी सबब जुळवत होते. ती रागावली नाही. तीन पावलांत झोळीशी गेली, दोन्ही हातांनी कापड फाकवलं आणि तशीच उभी राहिली.

“काठी कुठाय?” ती म्हणाली.

“कसली काठी?”

झोळीत मूल घातल्यावर वरच्या अंगाला, कापडाच्या दोन कडांमध्ये, वीत-दीड वीत लांबीची काठी आडवी अडकवतात. त्यानं झोळीचं तोंड उघडं राहतं. ती नसली तर बाळाच्या वजनानं दोन्ही कडा मिटतात, आणि बाळ कुशीला वळून खाली घसरलं तर कापड नाकातोंडावर बसतं. हे प्रत्येक घरातल्या प्रत्येक बाईला माहीत असतं. इतकं माहीत असतं, की कुणी कुणाला मुद्दाम सांगत नाही. बघून बघून कळतं. शेजारच्या झोळ्या मी रस्त्यावरून, दारातून पाहिल्या होत्या. आत वाकून कधी पाहिलं नव्हतं. आमच्या घरात माझ्यानंतर झोळी कधी लागली नव्हती, आणि मी पंधरा वर्षांची झाल्यापासून तर ती बांधायलाच मनाई होती.

आई मुग्धाला घेऊन अनवाणी समोरच्या डॉक्टरांकडे धावली. मी दारात उभी होते. रस्ता रिकामा होता. त्या उन्हात आमच्या गल्लीत चिटपाखरू नसे. किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. आई एकटीच परत आली. भिंतीवर फोन नंबरांची यादी होती, तीही नियमाप्रमाणे लावलेली. एक्स्चेंजचा नंबर तिला पाहून घ्यायचा होता. तिनं तो कागदाच्या चिठोऱ्यावर लिहिला.

“मी घरात होते,” ती म्हणाली.

“आई—”

“मी मधल्या सुट्टीतच निघून आले. बारा वाजता. झोळी मी बांधली. तू आतल्या खोलीत अभ्यास करत होतीस.”

“परीक्षा झाली आई.”

“मग वाचत होतीस. दार लोटून. काय म्हणाले मी?”

तिनं माझी हनुवटी धरून चेहरा वर केला. आयुष्यात तिनं मला इतकं घट्ट कधी धरलं नव्हतं.

“म्हण. आई घरात होती.”

“आई घरात होती.”

“पुन्हा.”

“आई घरात होती.”

“मी डॉक्टरांच्या फोनवरून सुनंदाला कळवते,” ती म्हणाली. मग तिनं पायात चपला घातल्या.

सुनंदाताई आल्या ते मी पाहिलं नाही. ऐकलं. ते मी लिहीत नाही.

पोलीस येऊन गेले, आणि संध्याकाळी धारवाडकरबाई आल्या. आल्या त्या सरळ झोळीकडे गेल्या, गजाची गाठ पाहिली, खाटेची गाठ पाहिली. मग खुर्चीत बसून वही मागितली. आई समोर जमिनीवर बसली होती, मी तिच्या मागे, भिंतीला टेकून.

“अक्षर मुलीचं आहे,” त्या म्हणाल्या.

“मी सांगते, ती लिहिते. पहिल्यापासून तसंच आहे. मागची पानं बघा.”

त्यांनी मागची पानं उलटली. बरीच उलटली.

“मी पाच वेळा बघितलं,” आई म्हणाली. “वरवर. झोळी मी बांधली. चूक माझी आहे, बाई.”

“तुम्ही बांधली?”

“हो.”

“काठीशिवाय?”

आई थांबली. आपल्या सबंध गोष्टीतलं हे एक भोक तिला तेव्हा दिसलं असावं. सहा-सात वर्षं लोकांची मुलं सांभाळलेली बाई, काठी विसरेल?

“विसरले,” ती म्हणाली.

धारवाडकरबाईंची नजर टेबलावर गेली. प्रमाणपत्राची गुंडाळी अजून तिथेच पडली होती. ते त्यांनी स्वतःच्या हातानं आईला दिलं होतं, समारोप झाल्यावर, दीड वाजता. हे त्या खोलीत आम्हा तिघींनाही माहीत होतं.

“पोलिसांना सांगितलंत, मधल्या सुट्टीत निघालात तुम्ही,” त्या म्हणाल्या.

“हो.”

“मग हे?”

“मी आधीच मागून घेतलं. पोरगी घरी आहे म्हटलं.”

बाईंनी गुंडाळी उचलून हातात घेतली. मग आईच्या डोक्यावरून माझ्याकडे पाहिलं. “शैला, तू सांग. आई किती वाजता आली?”

माझ्या समोर आईची पाठ होती. पोलक्याच्या पाठीवर घामाचा डाग होता, उन्हातून आल्याचा, आता वाळून पांढरी कड धरलेला. ती मागे वळली नाही. मला वाटतं, ती वळली असती तर मी खरं बोलले असते.

“आई घरात होती,” मी म्हणाले.

“वय काय तुझं?”

“जूनमध्ये अठरा.”

त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि लिहिलं. उलट्या बाजूनं मला वाचता आलं: ‘१२ वाजता घरी परत.’ सही केली. प्रमाणपत्र आणि भिंतीवरचा परवाना, दोन्ही पर्समध्ये घातले आणि गेल्या. त्यानंतर त्या आमच्या घरी कधी आल्या नाहीत. बाजारात दिसल्या की रस्ता ओलांडायच्या.

केस उभी राहिली. दीड वर्षानं निकाल लागला. आईला दंड आणि कोर्ट उठेपर्यंतची कैद झाली. म्हणजे त्या दिवशीचं कामकाज संपेपर्यंत कोर्टात बसून राहायचं. अकरापासून पाच वाजेपर्यंत आई भिंतीकडच्या बाकावर ताठ बसली होती. मी बाहेर व्हरांड्यात होते. पाचला ती बाहेर आली आणि म्हणाली, “चल, भाजी घेऊन जाऊ.”

नंतर ती विद्यार्थ्यांच्या खानावळीत पोळ्या करायला लागली. मी कॉलेजच्या ग्रंथालयात चिकटले, तिथेच राहिले. लग्न केलं नाही. त्याची कारणं वेगळी होती, असं मी लोकांना सांगते. आम्ही दोघी एका घरात एकोणतीस वर्षं त्या दुपारबद्दल एक शब्दही बोललो नाही. ‘काठी कुठाय’ हा तिनं मला त्याबद्दल विचारलेला शेवटचा प्रश्न.

पण सुनंदाताई यायच्या. पुढच्याच वर्षी, एकवीस एप्रिलला, दुपारी चारच्या सुमाराला पायरीवर उभ्या राहिल्या. हातात काही नव्हतं. आईनं त्यांना आत घेतलं आणि मला म्हणाली, “शैला, वाचनालयात जाऊन ये.” मी दोन तासांनी आले तेव्हा मोरीत दोन कपबशा होत्या. त्यानंतर दर वर्षी. नेमानं. मी नोकरीला लागल्यावर त्या दिवशी घरी उशिराच यायची. त्या शिव्या द्यायला येत असतील, रडायला येत असतील, असं मला वाटायचं. आईचं तोंड दुसऱ्या दिवशीपर्यंत उतरलेलं असायचं. मी विचारलं नाही. विचारलं असतं तर तिला सांगावं लागलं असतं, आणि मला ऐकावं.

आई गेल्या डिसेंबरात गेली. झोपेतच. लोक म्हणाले, पुण्यवान. सुनंदाताई तेव्हा मुलाकडे पुण्याला होत्या. मुग्धानंतर त्यांना मुलगा झाला होता. एकवीस एप्रिलला मी रजा काढली, का ते ठाऊक नाही. चार वाजता त्या आल्या. केस पूर्ण पांढरे, एक गुडघा धरलेला. पायरी चढताना त्यांनी चौकटीला हात लावला. आता मला बाहेर पाठवायला कुणी नव्हतं.

मी चहा केला. आईबद्दल दोन शब्द बोलून झाले. मग मी म्हणाले, “सुनंदाताई, तुम्ही दर वर्षी कशासाठी यायचात?”

“विचारायला.”

“काय?”

“एकच. ती झोपली तेव्हा रडत होती का.”

मी कप खाली ठेवला.

“काय सांगायची आई?”

“पहिल्या वर्षी म्हणाल्या, हसत झोपली. मी ते वर्षभर पुरवलं. मग एकदा म्हणाल्या, जरा कुरकुरली, पण लगेच डोळा लागला. मग एकदा म्हणाल्या, अंगठा तोंडात होता.” त्या थांबल्या. “मुग्धानं अंगठा कधी चोखला नाही गं.”

बाहेर कुणीतरी स्कूटर चालू करत होतं. होत नव्हती.

“खोटं बोलणारा एक उत्तर पाठ करतो,” सुनंदाताई म्हणाल्या. “काकू दर वर्षी मला कशानं बरं वाटेल ते शोधून सांगायच्या. मला तेव्हा कळलं, की त्यांना माहीतच नाही. त्या नव्हत्या तिथे.”

“केव्हा कळलं?”

“पाचव्या-सहाव्या वर्षी.”

“तरी येत राहिलात.”

“यायचं थांबले असते तर त्यांना कळलं असतं की मला कळलं.”

“मग तसं म्हणाला का नाहीत आईला? मला का नाही विचारलंत?”

“तुला विचारायचं म्हणजे त्यांच्या हातून तुला ओढून घ्यायचं. एवढं सगळं त्यांनी तुला वाचवायलाच केलेलं.” त्यांनी पदरानं ओठ पुसले. “आणि झोळीचं दारात उभं राहून मी बोलले होते. ते ऐकलं होतं त्यांनी. कोर्टात वकिलानं ढीगभर प्रश्न विचारले, काकूंनी माझ्या त्या बोलण्याचं अक्षर काढलं नाही. घरी मी ते कुणालाच सांगितलेलं नव्हतं. सासूबाईंना तर नाहीच.”

मी त्यांच्याकडे पाहिलं. एकोणतीस वर्षं मला वाटत होतं, ते वाक्य एकट्या माझ्याच लक्षात राहिलंय.

“आता त्या नाहीत,” त्या म्हणाल्या. “आता सांग.”

मी सांगितलं. आधी खूप रडली, म्हणाले. वीज गेली होती. पाऊण तास रडली, आवाज बसला होता, केस कपाळाला चिकटले होते. मी ते ओल्या फडक्यानं पुसले. झोळीत ठेवलं आणि ती गप्प झाली. एकदम. लुगडं तांबडं होतं, त्यातून खिडकीचा उजेड आत येत होता. ती तो बघत राहिली. उजव्या मुठीत काठ धरला. मी वाकले तेव्हा हसली नाही, पण माझ्याकडे बघून एक हुंकार दिला, ओळख असल्यासारखा. मग झोक्याबरोबर हं, हं करत राहिली. पुढे झोका गेला की हं, मागे आला की हं. बारीक होत होत तो आवाज थांबला. मी झोका आणखी थोडा वेळ देत राहिले.

“रडत नव्हती,” मी म्हणाले. “झोपली तेव्हा रडत नव्हती.”

“मग?”

“मग मी पुस्तक उघडलं.”

“किती वेळ?”

“पन्नास मिनिटं. वहीत पाच वेळा लिहिलं. एकदाही उठले नाही.”

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं त्या आता उठतील, किंवा मला मारतील. त्यांनी हाक मारून माणसं गोळा केली असती तरी मी खुर्चीतून हलले नसते. डोळे न उघडताच त्या म्हणाल्या, “परत सांग. गप्प झाली, तिथून.”

मी परत सांगितलं.

पुढच्या गुरुवारी चार वाजता त्या पुन्हा आल्या. त्याच्या पुढच्याही. आता दर गुरुवारी येतात. गुडघा दुखत असला तर रिक्षानं येतात. मी चहा टाकते. त्या बसतात, कप संपवतात, तो बाजूला सारतात आणि म्हणतात, “हं.” मी झोळीत ठेवलं तिथून सुरू करते. तांबडा उजेड, मुठीतला काठ, हुंकार, झोका. एक शब्द इकडचा तिकडे करत नाही. झोक्याबरोबरचा आवाज थांबतो, आणि मी पुस्तकाशी येणार तेवढ्यात त्या हात वर करून मला थांबवतात.

पुढचं त्या गेल्यावर असतं. ते मी एकटीनं ऐकते.